माझ्या उजव्या कानाकडे बघा

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "माझ्या उजव्या कानाकडे बघा."

एकतीस वर्षांत माझ्याशी इतकं गोड कुणी बोललं नव्हतं!

थांबा, जरा मागून सांगते. इतरांच्या गोष्टीत मुलगी वळणावर कुणाला तरी धडकते, हातातली पुस्तकं सांडतात, ती उचलताना बोटांना बोटं लागतात. माझ्या हातून पुस्तक सांडत नाही. मी पुस्तकं बांधते, बाइंडिंगच्या कारखान्यात, गेली बारा वर्षं. मी आपली चष्म्यावर बसले.

झालं असं की एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एका मानसतज्ज्ञ बाईंचं क्लिनिक आहे. चार वेळा बोलावून, नाना प्रश्न विचारून, शेवटी बाईंनी अहवालाची अकरा पानं माझ्या हातात ठेवली. जवळचं वाचायला मला चष्मा लागत नाही, म्हणून तो काढून मी खुर्चीवर ठेवला. पहिल्याच पानावर तो शब्द होता. ऑटिझम. मी ते पान उभ्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचायला बसले... आणि खालून कट्‌ असा आवाज आला.

तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. बाहेर बारीक भुरभुर चालली होती, आणि चष्म्याशिवाय अख्खा रस्ता ओल्या बोटानं पुसल्यासारखा दिसत होता. मी दुकानात शिरले.

"कसा तुटला?" चष्मेवाल्यानं विचारलं.

"मी त्याच्यावर बसले."

"का?"

"तो खुर्चीत होता आणि ते मी विसरले."

तो हसला. कुचकट नाही, आपलं साधं हसू. "बरं. मग आता बसा — पण आधी खुर्ची बघून."

मी खरंच वाकून खुर्ची बघितली. लोक अशा वेळी एकमेकांकडे बघून भुवया उडवतात, हे मला ठाऊक आहे. त्यानं काही उडवलं नाही. उलट स्वतःही वाकून बघितलं आणि म्हणाला, "मोकळी आहे."

काडी तुटली होती, काच तडकली होती. नवी करायची तर नंबर तपासावा लागणार. त्यानं छोटा दिवा हातात घेतला, पुढे झुकला, आणि मी नेहमीसारखी आक्रसले. समोरच्याच्या डोळ्यांत बघणं म्हणजे मला तापल्या तव्यावर तळहात टेकवणं. शाळेत बाई म्हणायच्या, डोळ्यांत बघून बोल. आई म्हणायची, डोळ्यांत बघ गं, लोक म्हणतात चोरी केलीये. मावशी म्हणायची, मुलाच्या डोळ्यांत एकदा तरी बघायचं बाई, स्थळं अशी जातात! आणि हा म्हणतो —

"माझ्या उजव्या कानाकडे बघा. हं... हललात. कानाकडेच."

त्या कानाच्या पाळीवर एक बारीक तीळ होता. कानामागे पेन्सिल खोचून खोचून एक पुसट करडी रेघ उमटली होती. मी निवांत बघत राहिले.

"हे तुम्ही सगळ्यांना सांगता?" मी विचारलं.

"सगळ्यांना. लोक माझ्याकडे बघायला लागले तर माझं कामच होत नाही."

"माझंही," मी म्हणाले.

"आता डावा कान."

"उजवा बरा होता."

तो दिवा हातात धरून थांबला. मग इतका हसला की दिव्याचा गोल भिंतीवर नाचायला लागला. "पुढच्या गुरुवारी या," तो म्हणाला. "चार वाजता."

"चार वाजून पाच मिनिटांनी. माझी बस चारला येते."

"चार वाजून पाच," त्यानं वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं!

घरी आल्यावर अकरा पानं मी आईसमोर ठेवली. मावशी आलेलीच होती. आमच्या घरी बातमी पोचायच्या आधी मावशी पोचते. आईनं पहिलं पान वाचलं आणि पदर डोळ्यांना लावला. मावशीनं एकही पान न वाचता निकाल दिला.

"कपाटात ठेव. साड्यांच्या खाली. कुणाला दाखवायचं नाही."

"का?"

"अगं बाई, का काय? एकतीस पूर्ण आहेत तुला. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. थोडा विक्षिप्त आहे म्हणायचे आणि लग्न लावून द्यायचे."

"मग त्या विक्षिप्तांचं पुढे काय व्हायचं?"

"काय व्हायचंय? संसार केले त्यांनी."

"सुखानं?"

मावशीनं आईकडे बघितलं. आई पानाकडे बघत होती.

"मी रडत नाहीये हे बघा," मी म्हणाले. "मला बरं वाटतंय. तीस वर्षं वाटायचं की सगळ्यांना एक पुस्तक वाटलं होतं, माणसांत कसं वागायचं त्याचं, आणि माझ्या प्रतीत मधली पानं बांधायची राहून गेली. आता कळलं, पानं गेलेली नाहीत. माझं पुस्तकच वेगळं आहे."

"हे असलं बोलू नकोस मुलाकडच्यांसमोर," मावशी म्हणाली.

दर रविवारी मी आईबरोबर प्रार्थनेला जाते. तिथले गुरुजी गाऊन निरूपण करतात, आणि मला ते जिवापाड आवडतं. शेवटच्या खांबाला टेकून मी बसते, डोळे मिटून. कथा कुठे कुठे हिंडून येते आणि प्रत्येक वेळी त्याच एका ओळीवर परत येते, जशी आई प्रत्येक घास भरवून झाल्यावर तोंड पुसते. त्या रविवारी गुरुजींनी ती ओळ अकरा वेळा म्हटली. मी मोजली. लोकांचे डोळे भरून आले. आणि माझ्या मनात आलं — गुरुजींनी एक ओळ अकरा वेळा म्हटली की भक्ती, मी तेच वाक्य दोनदा म्हटलं की लक्षण! देवाला मात्र दोन्ही ऐकू येतं. त्यानं अजून कुणाला सांगितलेलं नाही, माझ्या डोळ्यांत बघून प्रार्थना कर म्हणून.

गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी मी चष्मा घेतला. पुढच्या गुरुवारी तो नाकावरून घसरायला लागला, म्हणून पुन्हा गेले. त्यानं स्क्रू घट्ट केला, आणि घट्ट करता करता विचारलं, पुस्तकं बांधतात म्हणजे नक्की काय करतात? मी सांगायला लागले. कागदाला अंग असतं, त्याचे तंतू एका दिशेनं धावतात, त्या दिशेनं पान आपणहून वळतं आणि उलट्या दिशेनं वळवलं तर आयुष्यभर कुरकुरतं... पाऊण तास झाला. भानावर येऊन मी म्हणाले, "मी फार बोलले. माणसं कंटाळली की चेहऱ्यावर दिसतं म्हणतात. मला ते दिसत नाही. तुम्ही कंटाळलात का?"

"नाही," तो म्हणाला. "कंटाळलो की तोंडानं सांगीन."

त्याच्या पुढच्या गुरुवारी चष्मा परत घसरला. या वेळीही मी बसमध्येच तो काढून नीट बघितला, आणि दुकानात शिरताच काउंटरवर ठेवला.

"उजवा स्क्रू तुम्ही अर्धा फेरा ढिला ठेवताय. दोन्ही गुरुवारी. तेवढाच. आपोआप सुटला असता तर कमीजास्त सुटला असता."

त्याचे कान लाल झाले. दोन्ही.

"ते... म्हणजे... तुम्ही परत यावं म्हणून."

"मग 'या' म्हणायचं!"

"धीर होत नव्हता."

"हे बघा," मी म्हणाले, "मला सरळ सांगितलेलं कळतं. स्क्रूतून सांगितलेलं कळत नाही. म्हणजे स्क्रू ढिला आहे हे कळतं, पण का ढिला आहे ते कळत नाही. आणि जन्मभर लोक माझाच स्क्रू ढिला आहे म्हणत आलेत, आता तुम्ही हातानं करायला लागलात!"

तो हसला नाही. त्यानं स्क्रू घट्ट केला, चांगला घट्ट, आणि चष्मा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"सरळ सांगतो. मला तुम्ही आवडता. पुढच्या शनिवारी आईला घेऊन तुमच्या घरी येऊ का?"

मी काउंटरची कड धरली. "शनिवारी. चार वाजता," मी म्हणाले. "घरी यायला मला बस लागत नाही."

घरात नुसती धांदल. मावशीनं घराचे पडदे धुवायला काढले आणि मला पढवायला बसली. "हस. दात दिसतील एवढं नको. चमचे सरळ करत बसू नकोस. कागदाचं पुराण लावू नकोस. आणि त्या अहवालाचं अवाक्षर नाही. लग्नानंतर सांग हवं तर, सावकाश."

"चष्म्याचा नंबर लग्नानंतर सांगतात का?"

"हे काय मध्येच?"

"मध्येच नाही, तेच आहे. तो जिच्याशी लग्न करणार ती मी असायला हवी ना? तुम्ही पढवलेल्या मुलीशी त्यानं लग्न केलं, तर मी कुठे जाऊ राहायला?"

"ऐक माझं. चांगला मुलगा आहे. हातचा जाईल."

मला भीती नव्हती असं नाही. तो जाईल या विचारानं त्या आठवड्यात मला जेवण जाईना. दर गुरुवारी माझ्यासाठी दिवा धरणारं ते एकच दुकान होतं जगात. पण साड्यांच्या खाली मी तीस वर्षं राहिले होते. पुन्हा नाही!

बुधवारी मी अकरा पानं कारखान्यात नेली. मालकांना आम्ही बाइंडरकाका म्हणतो. ते मला फूटपट्टी म्हणतात, पण मायेनं. त्यांनी कागद चाळले, बोटानं जाडी बघितली.

"फूटपट्टे, अकरा पानांना पुस्तकाची पाठ येत नाही. पाठीवर अक्षर कुठे उमटवशील? फाइलमध्ये घाल आणि दे सोडून."

"फाइल कपाटात जाते, काका. पुस्तक फळीवर राहतं."

काकांनी आता पहिलं पान वाचलं. वाचताना त्यांचे ओठ हलतात. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, आत गेले आणि उत्तमपैकी जाड कागदाचे तीन फॉर्मे, सोळा-सोळा पानांच्या घड्या, घेऊन आले. अठ्ठेचाळीस पानं. कोरी.

"ही मागे लाव. म्हणजे पाठ येईल." मग गुरगुरले, "बारा वर्षांत तुझ्या हातून एक पान उलटं गेलेलं नाही. त्या बाईंनी हे लिहायला नको होतं का?"

मी ते दोऱ्यानं शिवलं, खळ लावली, दाबाखाली ठेवलं. लाल कापडाचं कव्हर. पितळी ठसे तापवून काकांनी स्वतः पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवली. काय उमटवायचं ते मी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं: 'अशीच आहे'.

शुक्रवारी सकाळी बघते तर आई स्वयंपाकघरात उभ्यानं ते पुस्तक वाचत होती. भाजी करपायला आली होती.

"पान सहा," आई म्हणाली. बाबा गेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. "हे तुझे बाबा आहेत गं. जसेच्या तसे. लोक आले की ते गच्चीवर जाऊन बसायचे. मला वाटायचं, मी आवडत नाही त्यांना... पंचवीस वर्षं मला तसं वाटलं." तिनं गॅस बंद केला आणि पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. आम्ही मिठी मारली नाही. मला अचानक मिठी सोसत नाही हे तिनं पान चारवर वाचलेलं होतं. तिनं नुसता खांदा खांद्याला लावला. पहिल्यांदाच, विचारून.

शनिवारी चारला दोन मिनिटं असताना दोघं आले. त्याच्या आई शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ताठ कण्याच्या, घरात शिरताच वर्ग तपासावा तशी खोली तपासणाऱ्या. मी पुस्तक मधल्या टेबलावर ठेवलं होतं. मावशीनं हसत हसत त्यावर चहाचा ट्रे ठेवला.

आईनं ट्रे उचलला आणि बाजूला ठेवला. मावशीनं तिला डोळ्यांनी दटावलं. आई मावशीची सख्खी धाकटी बहीण. जन्मात तिनं मोठीचा शब्द मोडला नव्हता. तिनं ट्रे परत जागेवर ठेवला नाही.

"हे कसलं पुस्तक?" मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

"जुनं आहे काहीतरी," मावशी घाईनं म्हणाली.

"नवीन आहे," मी म्हणाले. "बुधवारी बांधलं. माझ्यावर आहे."

आणि मी ते उघडून पहिलं पान मोठ्यानं वाचलं. तो शब्दही वाचला, न अडखळता. चहाच्या कपांवर साय धरायला लागली. कुणी कप उचलला नाही. त्याच्याकडे बघायची मला सवय नाही, म्हणून मी त्याच्या हातांकडे बघितलं. ते गुडघ्यांवर घट्ट मिटलेले होते, आणि मिटलेल्या हातांचा अर्थ मला कळत नाही.

"याला औषध काय?" बाईंनी विचारलं.

"नाही. आजार नाही हा. मी अशी जन्मले."

"मग डॉक्टरांकडे कशाला गेलीस?"

"नाव विचारायला," मी म्हणाले. "तोपर्यंत मला लोकांनी ठेवलेली नावंच माहीत होती."

बाई उठल्या. "आम्ही विचार करून कळवतो."

दारात तो थांबला. "हे मी... नेऊ का? वाचायला?"

"न्या. गुरुवारी परत हवंय. चार वाजून पाच."

दार लागलं. मावशी मटकन खाली बसली. "गेलं. पुस्तकही गेलं आणि स्थळही गेलं."

"जाऊ दे," मी म्हणाले. "मला लपवून मिळणार असेल तर नकोच तो." आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून खूप रडले. धीट माणसं रडत नाहीत असं कुठे लिहिलंय? निदान माझ्या अकरा पानांत तरी नाही.

पाच दिवस काही निरोप नाही.

गुरुवारी चार वाजून पाच मिनिटांनी मी दुकानाच्या पायरीवर होते. पुस्तक घ्यायचं आणि निघायचं, एवढंच ठरवलं होतं. दुकान रिकामं होतं. तो काउंटरमागे उभा होता, कानामागे पेन्सिल. लाल पुस्तक समोर होतं आणि त्यातून पांढरे कपटे डोकावत होते.

मी कपट्यांकडे बोट दाखवलं. "तुम्ही पुस्तकात —"

"लिहिलं नाही!" तो घाईनं म्हणाला. "तुमच्या पुस्तकात विचारल्याशिवाय कसं लिहीन? चिठ्ठ्या आहेत. नंबर लिहायच्या. प्रत्येक पानाला एक."

मी उघडलं. पान दोन, अहवाल: नजरेला नजर देणे टाळते. चिठ्ठी: 'उजवा कान — खूश. डावा कान — अजून रुसलेला.'

पान पाच: एकाच विषयावर दीर्घकाळ बोलते. चिठ्ठी: 'पाऊण तास. मी घड्याळाकडे एकदाच बघितलं, थांबलं आहे की काय म्हणून.'

पान सात: ठरलेल्या वेळेतील बदलाने अस्वस्थ होते. चिठ्ठी: 'गुरुवारी चार वाजून सहा झाले की मीही होतो.'

पान नऊ: अतिशय स्पष्ट बोलते; ऐकणाऱ्यास ते बोचू शकते. या चिठ्ठीवरचं अक्षर निराळं होतं, फळ्यावरच्यासारखं गोल, वळणदार. 'चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, खरं बोला. एका मुलीनं बोलून दाखवलं तर मला पाच दिवस लागले. उशिराबद्दल क्षमस्व.'

मी पुस्तक मिटलं. अक्षरं पाण्यात गेल्यासारखी दिसत होती, आणि या वेळी चष्मा नाकावर होता.

"शनिवारी तुमचे हात मिटलेले का होते?" मी विचारलं.

"टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. आईसमोर धीर झाला नाही." त्यानं खोल श्वास घेतला. "आता सरळ विचारतो. स्क्रूबिक्रू काही नाही. माझ्याशी लग्न करशील?"

गोष्टीत अशा वेळी मुलगी हळूच पापण्या उचलते, नजरेला नजर भिडते, वगैरे. मी नाही उचलल्या. उगाच का? देवानं या डोळ्यांना जे बघायला सांगितलंय तेच मी बघणार.

"मान वळव," मी म्हणाले.

"अं?"

"डावीकडे. उजवा कान हवाय मला."

त्यानं मुकाट्यानं मान वळवली. पाळीवरचा तीळ, पेन्सिलीची करडी रेघ... सगळं जिथल्या तिथे होतं. काउंटरवरून पुढे झुकून मी त्या कानाला सांगितलं, "हो."

कान लाल झाला. मग मी पेन्सिल काढून घेतली, कारण ती वाकडी खोचलेली होती, आणि सरळ खोचली.

"या चिठ्ठ्या चिकटवायला हव्यात," तो म्हणाला. "जागा आहे?"

"मागे अठ्ठेचाळीस पानं कोरी आहेत."

"पुरतील?"

"नाही पुरली तर दुसरा खंड बांधू," मी म्हणाले. "खळ माझ्याकडे आहे. अक्षर तुझं."